मोजक्या शब्दांची पालि : एका अभ्यासपद्धतीची चिकित्सा

पालि भाषा शिकू इच्छिणाऱ्या उपासक-उपासिकांना आणि विद्यार्थ्यांना अलीकडे एक सल्ला वारंवार दिला जातो. व्याकरणाच्या नादी लागू नका. तिपिटकात जे शब्द सर्वाधिक वेळा येतात तेवढे, पाचशे किंवा हजार, पाठ करा. सुत्ते आपोआप उलगडू लागतील. हा सल्ला इंग्रजीच्या शिकवणी वर्गांतून आलेला आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या तरुणांच्या हाती, मग ते परभणी शहरातील असोत की गंगाखेड-पालमकडील, नेहमीच्या इंग्रजी शब्दांच्या पुस्तिका असतात. जी युक्ती इंग्रजीला लागू पडते ती पालिला का लागू पडू नये, असा त्यांचा सरळ प्रश्न असतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, प्राकृत, असमिया आणि बंगाली यांच्यासमवेत पालिला अभिजात भाषेचा दर्जा दिला. यापुढे पालि वर्गांविषयीचा उत्साह वाढावा हे स्वाभाविक आहे. म्हणूनच त्या वर्गांत काय आणि कसे शिकवले जावे, याची चिकित्सा वेळीच होणे अगत्याचे वाटते.

या पद्धतीच्या बाजूने जे म्हणता येण्यासारखे आहे ते प्रथम मांडले पाहिजे. कोणत्याही भाषेत थोडे शब्द अतोनात वापरले जातात आणि उरलेले असंख्य शब्द क्वचित येतात. हे निरीक्षण जुने आहे. जर्मनीत केडिंग यांनी १८९७-९८ च्या सुमारास १ कोटीहून अधिक शब्दांच्या मजकुराची गणना प्रसिद्ध केली. अमेरिकेत थॉर्नडाइक यांनी १९२१ साली शिक्षकांसाठी १०,००० इंग्रजी शब्दांची वारंवारतेनुसार यादी काढली. ओग्डेन यांनी १९३० साली केवळ ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ मांडली. मायकेल वेस्ट यांचे नाव आपल्या दृष्टीने अधिक जवळचे आहे, कारण ते ढाक्यात अध्यापन करीत आणि बंगाली मुलांना इंग्रजी पुस्तके लवकर वाचता यावीत ही त्यांची तळमळ होती. त्यांची सुमारे २,००० शब्दांची प्रसिद्ध यादी १९५३ साली निघाली. या परिश्रमांना हसण्याचे कारण नाही. नवशिक्याने आधी घर, पाणी, जाणे, देणे यांसाठीचे शब्द शिकावेत, ‘अध्यादेश’ नंतर शिकावा, हे उघड आहे. पहिल्या काही महिन्यांत अशा यादीने गती येते, हे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे.

परंतु गती कोणत्या मुक्कामापर्यंत, हा प्रश्न उरतो. इंग्रजीच्या अभ्यासकांच्या अनुमानानुसार पहिली २,००० शब्दकुळे सामान्य लेखनाचा सुमारे ८० टक्के भाग व्यापतात. ऐकताना हा आकडा मोठा वाटतो. त्याचा अर्थ मात्र असा, की दर पाचवा शब्द अनोळखी राहतो. एक मराठी वाक्य घेऊ : ‘उद्या सकाळी दहा वाजता आपल्या गावच्या — मध्ये सर्वांनी यावे, कारण तेथे — बाबत — होणार असून जे येणार नाहीत त्यांचे — रद्द केले जाईल.’ या वाक्यातील बहुतेक शब्द वाचकाला माहीत आहेत. कोठे जायचे, कशासाठी, आणि न गेल्यास काय गमवायचे, एवढेच तेवढे कळत नाही! जे शब्द फार वेळा येतात ते सर्वांच्या कामाचे असल्यामुळे कोणत्याही एका विषयाचे नसतात. विषय सांगणारा शब्द बहुधा दुर्मिळ असतो. पॉल नेशन या अभ्यासकांनी २००६ साली दाखवून दिले, की सामान्य इंग्रजी लेखन साहाय्याविना वाचण्यासाठी, म्हणजे ९८ टक्के शब्द ओळखीचे होण्यासाठी, आठ ते नऊ हजार शब्दकुळे लागतात. दोन हजारांपासून नऊ हजारांपर्यंतचे अंतर यादी पाठ करून कोणी कापल्याचे ऐकिवात नाही. ते वाचूनच कापावे लागते.

शब्द माहीत असणे आणि मजकूर कळणे यांतील हे अंतर आपल्या जिल्ह्याने अनुभवलेले आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. महसूल व न्यायालये यांचा कारभार उर्दूतून चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. अर्ज, दाखला, वसूल, जमीन, हक्क, मुदत, जामीन, कर्ज, दस्तऐवज हे शब्द आपल्याकडील निरक्षर शेतमजुराच्याही तोंडी रुळलेले आहेत. सरकारी कागदातील नेहमीचे शब्द कोणते असे विचारले तर हीच यादी पुढे येईल. तरीही कागद हाती पडला की तो वाचून घेण्यासाठी जाणकाराचे दार गाठण्यावाचून इलाज नव्हता. लिपी आड येत होती, हे खरे. पण लिपीचा अडथळा क्षणभर बाजूला ठेवला तरी जमीन कोणाची, कर्ज कोणाचे कोणावर, हक्क कोणाकडून कोणाकडे, हे ठरवणारे ‘का’, ‘को’, ‘से’, ‘पर’ हे इवलेसे शब्द आणि वाक्याची जोडणी जाणणाऱ्यालाच कागदाचा अर्थ लागणार. गणना केली तर हे इवलेसे शब्दच यादीच्या माथ्यावर येतील. परंतु त्यांच्यापुढे अर्थ म्हणून काय लिहायचे? वाक्याबाहेर त्यांना अर्थच नसतो.

नेमके हेच पालित घडते, आणि अधिक तीव्रतेने घडते.

तिपिटकातील सर्वाधिक वारंवार येणारे शब्द म्हणजे च, न, ति, वा, खो, पन, सो, तं, येन, तेन, मे, होति अशी मंडळी. ‘खो’ पाठ केल्याने काय हाती लागते? मराठीत त्याला धड प्रतिशब्दही नाही. ‘येन’ आणि ‘तेन’ यांपुढे यादी ‘ज्याने’, ‘त्याने’ असे लिहील. पण सुत्तांच्या आरंभी एखादा गृहपती किंवा ब्राह्मण भगवंतांकडे जातो, तेथे ही जोडी ‘जेथे-तेथे’ या अर्थाने येते. ‘ज्याने-त्याने’ म्हणणारा वाचक पहिल्याच परिच्छेदात अडखळतो. ‘मे’ हे रूप माझ्याकडून, मला आणि माझे अशा तीन अर्थांनी येते. सुत्ताच्या प्रारंभीच्या सर्वपरिचित वाक्यात त्याचा अर्थ ‘माझ्याकडून’ असा आहे, ‘माझे’ असा नाही. जो शब्द अधिक वापरला जातो तो अधिक अर्थांनी वापरला जातो, हा सर्वच भाषांचा स्वभाव आहे; त्यामुळे सर्वात सोपे म्हणून पुढे केलेले शब्द वस्तुतः सर्वात निसरडे ठरतात. खुद्द ‘धम्म’ हा शब्द पाहा. अट्ठकथाकारांनी त्याचे गुण, देसना, परियत्ति, निस्सत्त असे वेगवेगळे अर्थ नोंदवून ठेवले आहेत, आणि ‘धम्मा’ असे बहुवचन आले की बहुधा चित्तातील धर्मांचा, मनोविषयांचा किंवा एकूण घटनांचा विचार करावा लागतो. यादीत मात्र एका शब्दापुढे एक अर्थ.

शिवाय पालि ही विभक्तिप्रत्ययांची भाषा आहे. यादीतील ‘भिक्खु’ ग्रंथात भिक्खू, भिक्खुनो, भिक्खूनं, भिक्खवे अशा रूपांनी भेटतो. कोण कोणाला म्हणाला, हे प्रत्यय सांगतो, मूळ शब्द सांगत नाही. त्यावर पुन्हा संधी : ‘नत्थि’ म्हणजे न आणि अत्थि, ‘एतदवोच’ म्हणजे एतं आणि अवोच. यादीत अत्थि असेल, अवोच नसेलही, आणि एतदवोच तर कोठेच सापडणार नाही.

ही गणना नेमकी कशाची, हेही विचारले पाहिजे. १९५४ ते १९५६ या काळात रंगून येथे भरलेल्या छट्ठ संगायनाच्या आवृत्तीवर आधारलेले तिपिटक इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने १९९० च्या दशकात नागरी लिपीत छापून व संगणकावर आणून अभ्यासकांवर मोठे उपकार केले. तेव्हापासून शब्द मोजणे सोपे झाले. पण यंत्र मोजते, निवडत नाही. अभिधम्मपिटकातील पट्ठानात पच्चय, धम्म, उप्पज्जति हे शब्द मांडणी बदलून अगणित वेळा फिरतात. विनयपिटकाची शब्दसंपत्ती चीवर, आपत्ति, सीमा अशी संघाच्या नियमांशी निगडित. उलट, छापील ग्रंथात पुनरुक्ती टाळण्यासाठी ‘पेय्याल’ योजलेला असल्यामुळे जे खरोखर वारंवार म्हटले जात होते ते गणनेत कमी भरते. सबंध तिपिटकाची एकत्र यादी केली तर धम्मपद वाचू पाहणाऱ्या उपासिकेच्या पदरी पट्ठानाचे शब्द पडतील आणि अप्पमाद, वेर यांसारखे शब्द तिला मागच्या पानांवर शोधावे लागतील.

आता मराठीभाषक अभ्यासकाची जी विशेष परिस्थिती आहे तिच्याकडे वळू, कारण यादीचे पुरस्कर्ते तिचा विचारच करीत नाहीत. मराठी माणूस पालिकडे रित्या हाताने येत नाही. हत्थ-हात, कण्ण-कान, सत्त-सात, अट्ठ-आठ, अज्ज-आज, भत्त-भात, सप्प-साप, दुद्ध-दूध, सुत्त-सूत, अग्गि-आग ही जोड्यांची रांग पाहावी. पालितील जोडव्यंजनाच्या जागी मराठीत एकच व्यंजन राहते आणि आधीचा स्वर दीर्घ होतो. मराठी थेट पालितून निघाली असे याचे अनुमान काढू नये. तिची परंपरा महाराष्ट्री प्राकृताच्या बाजूने सांगितली जाते. पण प्राकृतांत आणि पालित हे जोडव्यंजन समान आहे, म्हणून नियम कामाला येतो. हा एक नियम ज्याला समजला त्याला कित्येक शब्द पाठ न करताच ओळखता येतात. त्यात अट्ठ येतो तसा क्वचित भेटणारा पावुस, म्हणजे आपला पाऊस, हाही कानाला लगेच ओळखू येतो. वारंवारतेच्या यादीला असे आडवे नाते दिसत नाही.

मात्र येथेच खरा धोकाही आहे. ध्वनी ओळखीचा असला की अर्थही ओळखीचा असेल, असे आपण धरून चालतो. मराठीतील ‘काम’ हा कम्मापासूनचा. पालितील ‘काम’ म्हणजे इंद्रियसुखाची लालसा. तिसऱ्या शीलातील ‘कामेसु’ हा शब्द लहानपणापासून उच्चारणाऱ्या किती जणांना हा फरक कोणी सांगितला आहे? पंचस्कंधांची नावे घेऊ : रूप, वेदना, सञ्ञा, संखार, विञ्ञाण. पाचही शब्द मराठी वाचकाला येतात, आणि पाचही त्याला चकवतात. मराठीत रूप म्हणजे दिसणे किंवा सौंदर्य. पालित भौतिक घटक. आपल्याकडे संज्ञा म्हणजे पारिभाषिक नाव; तेथे सञ्ञा म्हणजे वस्तूची खूण पटवून घेणारी जाणीव. संस्कार म्हणजे आपल्याकडे घरचे वळण किंवा विधी. तेथे संखार म्हणजे चित्ताची घडण करणाऱ्या प्रवृत्ती. विज्ञान म्हणजे प्रयोगशाळेतील शास्त्र. तेथे विञ्ञाण म्हणजे इंद्रियविषयांचे भान.

आणि वेदना. मराठीत वेदना म्हणजे दुखणे, दुसरा अर्थच नाही. पालित वेदना तीन प्रकारची : सुख, दुक्ख आणि अदुक्खमसुख. प्रतीत्यसमुत्पादात वेदनेतून तण्हा उद्भवते असे सांगितले आहे. ‘वेदना = यातना’ असे घोकलेल्या वाचकाने ते वाक्य कसे लावावे? यातनेतून आसक्ती निर्माण होते, असे? ज्या सुखद अनुभवाला माणूस चिकटतो त्याचे विश्लेषण त्या वाक्यातून नाहीसे होते आणि उरते ती दुःखाची रडकथा. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी जे मूलभूत प्रश्न उपस्थित केले, त्यांत चार आर्यसत्यांच्या रूढ मांडणीमुळे धम्म निराशावादी ठरतो काय, हा एक होता. ती छाप पुसण्यासाठी त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. आणि आपण मात्र पाचशे शब्दांच्या यादीतील एका चुकीच्या प्रतिशब्दाने ती छाप नव्या पिढीच्या मनावर पुन्हा उमटवायची?

चेतनेचेही तेच. अंगुत्तर निकायात कम्माची व्याख्या चेतना या शब्दाने केलेली आहे. तेथे चेतना म्हणजे हेतुपूर्वक केलेला संकल्प. मराठीतील ‘चैतन्य, जिवंतपणा’ हा अर्थ तेथे घातला तर कर्माची नैतिक जबाबदारी हवेत विरते आणि पूर्वजन्माच्या संचिताला पुन्हा वाट मोकळी होते. एका शब्दाच्या अर्थावर येथे एवढे अवलंबून आहे.

पालि शिकायची ती कशासाठी, हा प्रश्न यातून आपोआप पुढे येतो. भाषांतरे उपलब्ध आहेत. केवळ माहितीसाठी ती पुरतात. मूळ भाषा शिकणाऱ्याला भाषांतरकाराने निवडलेला अर्थ तपासून पाहायचा असतो. यादीवर विसंबणारा हा अधिकार मिळवीत नाही. त्याने भाषांतरकाराऐवजी यादीकाराला मध्यस्थ नेमले, एवढेच. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकण्याची संधी नाकारण्यात आली आणि फारसी घ्यावी लागली, हा इतिहास आपल्या वाचकांना ठाऊक आहे. ग्रंथाची भाषा दुसऱ्याच्या हाती राहिली म्हणजे काय होते, हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. त्यांनी पालिसाठी काय केले ते पाहावे. महाराष्ट्र शासनाने १९९८ साली प्रकाशित केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात पालि व्याकरण, पालि शब्दकोश आणि बौद्ध पूजापाठ एकत्र आलेले आहेत. शब्द, शब्दांना बांधणारे नियम आणि लोकांच्या नित्य पठणातील पाठ, या तिन्हींवर त्यांनी स्वतः परिश्रम घेतले.

धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरणही येथे बोलके आहे. १९०२ साली ते सिंहलद्वीपात गेले आणि कोलंबोच्या विद्योदय विहारात पालि शिकले. त्यांची प्रगती वेगाने झाली, कारण काशीत केलेला संस्कृतचा अभ्यास त्यांच्या पाठीशी होता. प्रत्यय आणि संधी त्यांना नवे नव्हते. सिंहलातील जुन्या परंपरेतही शब्द पाठ करीतच असत, हे येथे नोंदवले पाहिजे. बाराव्या शतकातील ‘अभिधानप्पदीपिका’ हा सुमारे बाराशे गाथांचा कोश त्यासाठीच आहे. पण त्यातील शब्द अर्थाच्या कुळांनी लावलेले आहेत. बुद्धाची नावे एकत्र, पृथ्वीची एकत्र. तो कोश विद्यार्थी व्याकरणाच्या जोडीने शिकत असे.

मग ज्यांच्यापाशी ना संस्कृत आहे ना वेळ, त्यांनी काय करावे? सोयाबीनची खुरपणी उरकून संध्याकाळी विहारात येणाऱ्या उपासिकेला काशीचा मार्ग दाखवणे ही थट्टा होईल. यादीचा पुरस्कार करणाऱ्यांचा हाच मुद्दा सर्वात वजनदार आहे. त्यांच्या लक्षात येत नाही ते एवढेच, की त्या उपासिकेला पालिचा एक मोठा ठेवा आधीच मुखोद्गत आहे. त्रिशरण, पंचशील आणि तिन्ही वंदना तिने शेकडो वेळा म्हटल्या आहेत. त्यांतील मेरय किंवा मज्ज हे शब्द कोणत्याही वारंवारतेच्या यादीत वर येणार नाहीत. पण सुरामेरयमज्जपमादट्ठाना हा पाच पदांचा समास परभणी-पूर्णेतील सहा वर्षांचे मूल एका दमात म्हणते. तो फोडून दाखवला की समास कळतो. ‘पाणातिपाता’ आणि ‘मुसावादा’ यांच्या शेवटचा दीर्घ आकार म्हणजे पंचमी, ‘-पासून’. तेथे ‘वेरमणी’चा, विरत होण्याचा, अर्थ लागतो. पाण म्हणजे प्राणी, पाणी नव्हे, हेही त्याच वेळी सांगून टाकावे. गच्छामि, वन्दामि, समादियामि यांच्या शेवटचा ‘मि’ म्हणजे बोलणारा स्वतः. आपला ‘मी’ आठवला तर विसर पडत नाही. ‘दुतियम्पि’ मध्ये दुतियं आणि पि यांची संधी आहे, ‘ततियम्पि’ मध्येही तीच. पाठ असलेल्या एका पानात विभक्ती, क्रियापद, समास आणि संधी या चारही गोष्टींची उदाहरणे हाताशी आहेत.

तिपिटक प्रथम मुखाने जपले गेले आणि त्याची रचना त्यानुसारच झालेली आहे. ठराविक वाक्ये, ठराविक क्रमाने, पुनः पुनः. म्हणून पालित वारंवारतेचा लाभ घ्यायचाच असेल तर तो सुट्या शब्दाचा न घेता सबंध वाक्यखंडाचा घ्यावा. भेटीला जाणे, अभिवादन करणे, एका बाजूला बसणे, प्रश्न विचारणे, यांची दहा-बारा ठराविक वाक्ये अन्वयासह समजली की कित्येक सुत्तांचा प्रारंभ वाचता येतो.

वर्षावासाचे तीन महिने यास पुरेसे आहेत. या काळात अनेक विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. वाचन संपल्यावर पंधरा मिनिटे त्याच दिवशीच्या वंदनेतील एक ओळ घेऊन तिचे प्रत्यय उलगडावेत. आषाढ पौर्णिमेपासून त्रिशरण, पुढे पंचशील, मग बुद्धवंदना. शब्दांची वही जरूर ठेवावी. फक्त तिच्यात शब्दापुढे एक प्रतिशब्द लिहून थांबू नये. तो शब्द ज्या ओळीत भेटला ती ओळ लिहावी, आणि वेदना, चेतना, संखार, विञ्ञाण या शब्दांपुढे मराठीतला त्याच ध्वनीचा शब्द लिहून त्यावर काट मारावी. ज्या वृद्ध उपासिकांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी वहीची अट नसावी. दुतियम्पि फोडून दाखवायला पाटी लागत नाही. ती त्यांनी तोंडानेच जोडलेली आहे.